बेटाच्या वाटेवरची काठी

बत्तीस वर्षं मी मुलींना भूगोल शिकवला आणि बत्तीस वर्षं फळ्यावर तेच वाक्य लिहिलं : चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीला बेट म्हणतात. एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही गेल्या आहात का बेटावर?" मी पापणी न लवू देता "हो" म्हणून मोकळी झाले. खरं म्हणजे जन्म नागपूरचा, सासर नागपूरचं. समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला, तोही काठावरून. नोकरीत होते तोवर तो 'हो' निमूट पडून होता, पण निवृत्त झाल्यावर फारच टोचायला लागला.

आमच्या यजमानांना, अरविंदला, कुणीतरी सांगितलं की पारशिवनीच्या पुढे एका जुन्या तलावात बेट आहे आणि काठावरचं एक ढीवर (मासेमारी करणारं) कुटुंब पाहुण्यांना राहायला खोली देतं. मी लगेच बॅग काढली.

"केवढं आहे बेट?" मी विचारलं.

"मले काय माहीत? तू उभी राहशील एवढं तर असेलच," अरविंद म्हणाला.

मार्चमधल्या एका शुक्रवारी सकाळी प्रताप नगरातून निघालो. कोपऱ्यावर तर्री पोहे खाल्ले. अरविंदने दोनदा तर्री मागून घेतली आणि कन्हान येईपर्यंत पाणी पीत राहिला. कामठी, कन्हान मागे पडलं आणि गहू कापलेली शेतं सुरू झाली. वाळत घातलेल्या मिरच्यांच्या ठसक्याने काचा वर कराव्या लागल्या. एका बाईकडून संत्री घेतली, ती गाडीतच संपली. पारशिवनीनंतर रस्ता अरुंद झाला आणि शेवटचा दीड-दोन किलोमीटर तर बैलगाडीच्या चाकोरीतूनच गेला. मग पाळ (तलावाचा मातीचा बांध) आडवी आली. चढून वर गेलो तर समोर पाणीच पाणी! आणि मधोमध, खडकाळ, बोडकं, दोन-चार झुडपं असलेलं बेट. मी इतकी हरखले की चप्पल काढून पाळीवर तशीच उभी राहिले.

"चप्पल काहून काढली?" अरविंदने विचारलं. मी नुसतंच बेटाकडे बोट दाखवलं.

खोली देणाऱ्या ढीवर घरातल्या देवकाबाई पाळीखाली वाट पाहत होत्या. साठीच्या असाव्यात, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात माशांची टोपली. त्यांनी आम्हाला खोली दाखवली, माठातलं पाणी दिलं आणि मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला न कंटाळता उत्तर दिलं. प्रश्न विचारण्याची माझी खोड जुनीच आहे. तलाव शेतीसाठी बांधलेला. पाळीत तुडूम (पाणी सोडायची मोरी) आहे. उन्हाळी पिकाला पाणी सोडलं की तलाव दिवसादिवसाला उतरतो.

"टापूवर कधी जायचं?" मी मुद्द्यावर आले. इथे बेटाला टापू म्हणतात.

"आज नाही जमत बाई. गावात लगन हाय, सारे तिकडं गुतले. उद्या डोंग्यात (नावेत) बसवून भवताल फिरवून आणतो. वरतं नाही जायचं, आता पाखरायचे..."

तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि त्या "आलो वं" म्हणत गेल्या. वाक्य अर्धंच राहिलं. मी 'आज नाही' एवढंच नीट ऐकलं, बाकीचं ऐकायची गरज मला वाटली नाही.

दुपारी झिंग्यांची भाजी, भाकर आणि वांग्याचं भरीत. झिंगे तलावातले, सकाळीच काढलेले. तिखट इतकं की अरविंदला सकाळची तर्री गोड वाटू लागली. जेवल्यावर आम्ही पाळीवरच्या आंब्याखाली बसलो आणि मी दुर्बीण लावली. बेटावर पांढरे पक्षी उडत होते. डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, शेपटी दुभंगलेली. पाण्यावर घिरट्या घालायचे आणि एकदम तोंडघशी पडल्यासारखे पाण्यात शिरायचे. पुस्तकात त्यांना नदी सुरय म्हणतात. संध्याकाळी देवकाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आमी पाखरंच म्हणतो. हे जिथं बुडी मारते तिथं लहान मासोळी राह्यते. माह्या सासऱ्यापासून आमी यायच्याकडं पाहूनच जाळं टाकतो."

दुपारभर एक भुरकट कुत्रा माझ्या पायाशी होता. मी त्याला बिस्किटं घातली आणि त्याचं नाव भुऱ्या ठेवलं. एका पुड्यात तो माझा झाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जाग आली. अरविंद घोरत होता. देवकाबाईंच्या घराला कडी होती. लग्नाचं जेवण आटोपून त्या अजून परतल्या नव्हत्या. मी काठाकाठाने चालत निघाले. अर्ध्या तलावाला वळसा घातल्यावर पाहते तो काय, काठापासून बेटापर्यंत चिखलाची एक चिंचोळी पट्टी वर आली होती. मधे कुठेतरी घोट्याएवढं पाणी, बस. पट्टीच्या तोंडाशी एक बांबूची काठी रोवलेली आणि तिच्या टोकाला उन्हाने पांढरी पडलेली चिंधी. मी तिच्याकडे मास्तरणीच्या नजरेने पाहिलं. पाण्याची पातळी मोजायची काठी! कालची ओल कुठवर, आजची कुठवर, हेही वाकून पाहिलं. पातळी कमी, म्हणजे वाट मोकळी. असा माझा तर्क. मी सलवार वर केली आणि निघाले.

खोटं कशाला सांगू, मला फार फार आनंद झाला. चिखल बोटांच्या बेचक्यांतून वर येत होता, पाणी गार होतं आणि बासष्टाव्या वर्षी मी शाळकरी पोरीसारखी खिदळत होते. खडकावर पाय ठेवला. चारही बाजूंनी पाणी, निदान तीन बाजूंनी तरी. माझा 'हो' खरा झाला.

आणि डोक्यावर कल्लोळ उठला. सगळे पक्षी एकदम उडाले, ओरडत माझ्या केसांवर झेपावू लागले. मी खाली पाहिलं. पायाशी खडीत एक उथळ खळगा आणि त्यात तीन अंडी, खड्यांच्याच रंगाची. दोन पावलांवर आणखी. पलीकडे आणखी. मी जिथे होते तिथेच थिजले. पाऊल कुठे टाकावं समजेना.

मागे चप चप आवाज आला. वळून पाहिलं तर भुऱ्या. तो माझ्या मागोमाग आला होता. शेपटी हलवत पुढे गेला, एका खळग्यात तोंड घातलं आणि खाल्लं. मी ओरडले, दगड उचलला, पण फेकू कुठे? सगळीकडे अंडीच. तो दुसऱ्या खळग्याकडे गेला. मी ओढणीने त्याच्या मानेला फास घातला आणि ओढत ओढत परत आणला. त्याच्या तोंडाला पिवळा बलक लागला होता. दोन घरटी गेली होती.

काठीशी देवकाबाई उभ्या होत्या. गोंगाट ऐकून लग्नघरातून तशाच धावत आलेल्या, अंगावर नवं लुगडं.

"बाई, तुमी तिकडं काहून गेल्या? काठी नाही दिसली का?"

"दिसली. मला वाटलं पाणी मोजायची आहे."

त्यांनी वाकून भुऱ्याच्या तोंडाचा बलक बोटाने पुसला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"इथली लहान लेकरंही थ्या काठीच्या पुढं जात नाही. माणूस गेला नाही तं कुत्रा जात नाही, कुत्र्याले काय माहीत तिकडं काय हाय थे. आता याले वाट समजली. थो रोज जाईन, अन् आपल्यासंगं दुसरे नेईन."

मला रडू आलं. कितीतरी मुलींना मी नकाशातली चिन्हं वाचायला शिकवलं होतं.

"आता काय करता येईल?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं, दरवर्षी ही पट्टी वर येते तेव्हा ढीवर तिच्यात आडवी नाली खणतात आणि काठावर बाभळीच्या काटेरी फांद्या रचतात. यंदा लग्नामुळे ते काम एक दिवस पुढे ढकललं होतं. मधल्या दिवसापुरती दरवर्षीची जुनी काठी रोवली होती.

"पण कुत्र्याला पोहता येतं ना?" मला राहवलं नाही.

"येते ना. पण पायी जायाची सवय लागली का पोयाचा कंटाळा करते. माणसावानीच हाय."

"मग फावडं द्या."

त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग दिलं. अरविंदला उठवून आणलं. त्याने माझा चेहरा पाहिला आणि टोपली उचलली. हळूहळू लग्नघरातले चार-पाच जण आले. चिखल फावड्याला चिकटायचा, एक टोपली काढावी तर तेवढाच परत सरकायचा. तासाभरात माझ्या तळव्यांना फोड आले. "तुमी बसा आता," देवकाबाई म्हणाल्या. मी बसले नाही. उन्हं चढली. पक्षी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येत आणि अंड्यांवर बसत. अंडी तापू नयेत म्हणून. हे मी खणता खणता पाहिलं.

दुपारी कधीतरी मधला मातीचा शेवटचा बांध फुटला आणि दोन्ही बाजूंचं पाणी एकमेकांत मिसळलं. देवकाबाईंनी काठी उपटली, चिंधी पाहिली.

"हिचा रंग बी उडून गेला उन्हानं. तुमची तरी काय गलती म्हणावं."

ते त्यांनी माझी समजूत घालायला म्हटलं, हे मला कळत होतं. मी माझ्या लाल ओढणीचा काठ फाडून काठीला बांधला. त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "रोवा."

रविवारी परत आलो. भुऱ्या देवकाबाईंच्या ओट्याला बांधलेला होता. निघताना त्याने माझा हात चाटला. बेटाची व्याख्या मी मुलींना बरोबरच शिकवली होती, पण ते पाणी कुणासाठी वेढून असतं, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

तीनेक आठवड्यांनी देवकाबाईंचा फोन आला. "बाई, पिल्लं निंगाली. खडकावर पळून राहिली सारी. कुत्रं नाही गेलं. तुमची चिंधी अजून लालच हाय." थोडं थांबून म्हणाल्या, "पुढच्या साली या, नाली खंदाले."

परवा बाजारात ती सातवीतली मुलगी भेटली. आता तिचीच मुलगी सातवीत आहे. बेटाची गोष्ट तिला आठवतही नव्हती, पण मीच काढली.

"मी तेव्हा गेले नव्हते," मी म्हटलं. "यंदा गेले. जायला नको होतं."

ती गोंधळून हसली. मी भाजीची पिशवी क्षणभर धरायला तिच्या हातात दिली आणि शेजारच्या दुकानात फावडं नवा दांडा बसवायला दिलं होतं, ते घ्यायला गेले.