काकूंचा दाराजवळचा पिपा

पिपेवाल्या काकूंच्या क्वार्टरमागे जमीन भरपूर होती, आणि त्या जमिनीत काकूंनी कोथिंबिरीची काडीसुद्धा लावली नाही. भद्रावतीजवळच्या त्या कोळसा खाणीच्या कॉलनीत बाकी सगळ्यांनी मागच्या अंगणात वांगी, वाल, पपई, जमेल ते लावलं होतं. काकूंची कर्दळ मात्र तेलाच्या रिकाम्या पिप्यांत. पिपे पुरले नाहीत तर रंगाच्या बादल्यांत, फुटक्या घमेल्यांत, एकदा तर आम्हीच भंगारात काढलेल्या कूलरच्या टाकीत. लाल, पिवळी, ठिपक्यांची कर्दळ दारापासून फाटकापर्यंत कवायतीला उभी असायची. लग्न होऊन मी त्यांच्या शेजारी राहायला आले, त्यालाही वर्ष उलटलं, तरी त्यांचं खरं नाव मला ठाऊक नव्हतं. कॉलनीत कुणालाच त्याची गरज पडत नव्हती.

जमिनीत का लावत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "जमीन आपली नसते व पोरी. उचलता आलं पायजे." त्यांचं गाव याच खाणीत गेलं होतं. शेत गेलं त्याच्या बदल्यात काकांना खाणीत नोकरी लागली, नोकरीमुळे क्वार्टर मिळालं, आणि काका रिटायर झाले की तेही सोडावं लागणार होतं. काकू हे सगळं भाजी निवडता निवडता सांगत. त्यात रडगाणं नसायचं. पण कुणी नव्या घराची वास्तू केली, की आहेर देऊन परतताना त्या अंगणातली माती बोटांनी चोळून पाहत आणि हात झटकत.

कर्दळ लावायची त्यांची रीत पक्की होती. पिप्याला भोक पाडायचं ते बुडाला नाही, बुडापासून चार बोटं वर, बाजूला. खाली थोडं पाणी साचून राहिलं पाहिजे, कर्दळीला पाय ओले लागतात. गड्ड्याला दोन डोळे तरी हवेत, आणि तो उभा खोचायचा नाही, आडवा निजवायचा. मी पहिल्यांदा उभा खोचला तेव्हा त्यांना इतकं हसू आलं, की काकांना जेवणावरून उठवून माझा पराक्रम दाखवला. आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको, त्यात खाणीची काळी धूळ. काकू काकांचं जुनं बनियन ओलं करून एकेक पान पुसत. दुपारी खाणीत स्फोट झाला की खिडक्या थरथरत, पानंही थरथरत, काकूंचा हात तेवढा थांबायचा.

कर्दळ हे खादाड झाड. "झाड नाई, रेडा हाय," काकू म्हणायच्या. वर्षभरात ती पिप्यातली माती चाटूनपुसून खाते आणि गड्ड्यांनी पिपा फुगवते. म्हणून मिरग लागायच्या आधी काकू सगळे पिपे उपडे करत, गड्डे फोडत, नवी माती आणि शेणखत भरत. उरलेले गड्डे कॉलनीभर वाटायच्या. नको म्हणणाऱ्याच्या फाटकातून आत टाकून जायच्या. पुढे त्यांनी नको म्हणणाऱ्याच्या दारातली फुलं बघून टोमणाही मारलेला मी ऐकला आहे.

फक्त एक पिपा त्या कधी उपडा करत नव्हत्या. तो अगदी दाराजवळ असायचा. गंजू नये म्हणून त्याला बाहेरून डांबर फासलेलं. त्यातली कर्दळ बघवत नसे. पानं वीतभर, फूल आलंच तर एखादं, तेही चिमुकलं. ते फूल काकू कधी देवाला वाहत नसत, गळून पडलं की त्याच पिप्यात ठेवत. यातली माती बदला, असं मी किती वेळा म्हटलं असेल. एकदा त्या पिपे भरत होत्या, तेव्हा मदत म्हणून मी तो कलता करायला गेले. काकूंनी माझं मनगट धरलं. "याले हात नको लावू," म्हणाल्या, आणि मला शेजारी बसवून घेतलं.

त्यांना संजूच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, आधी एक मुलगी होती. मनी. चार वर्षांची होऊन तापानं गेली. लहान लेकरू, म्हणून गावाबाहेर नाल्याकाठी पुरलं. त्यांच्यात बायका मयतीला जात नाहीत. काकूंना चौघीजणींनी धरून घरात बसवून ठेवलं होतं. पुढे महिन्याभरानं काकांनी ती जागा दाखवली, तेव्हा जागा चुकू नये म्हणून त्यांनी न्हाणीजवळच्या कर्दळीचा गड्डा तिथे नेऊन लावला. गाव उठलं त्या दिवशी लोक घराची दारं, चौकटी, कौलं उतरवून ट्रकमध्ये भरत होते. काकू रिकामा पिपा घेऊन नाल्यावर गेल्या आणि ती कर्दळ मातीसकट पिप्यात भरून आल्या.

"तिले एकटीले सोडून कशी येऊ?" त्या म्हणाल्या. कॉलनीच्या टोकाला खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर दिसायचे. तिकडे त्यांनी हात केला. "थो नालाबी त्यातच हाय. पन त्यातली आपली माती कोनती, कोन सांगन?"

मग त्यांनी मला विचारलं, तुमच्यात बाया जातेत का मयतीले? मी हो म्हटलं. आम्ही बौद्ध, आमच्या घरातल्या बायका जातात. माझ्या वडिलांच्या वेळी मी गेले होते, मूठभर माती दिली होती. काकूंनी हे नीट ऐकून घेतलं. मूठ कुणी कुणी दिली, आईनं दिली का, तेही विचारलं. "बरं हाय तुमचं," एवढं म्हणून त्या चहा ठेवायला उठल्या. माती बदला असं मी पुन्हा कधी म्हटलं नाही.

काका रिटायर झाले आणि क्वार्टर सुटलं. भद्रावतीत संजूनं घर बांधलं होतं. सगळे पिपे टेम्पोत चढले, डांबराचा पिपा मात्र काकूंनी पुढच्या सीटवर मांडीत घेतला. संजूनं अंगणात फरशी घातली होती, पण भिंतीलगत एक पट्टा आईसाठी मोकळा ठेवला होता. काकूंनी सगळे पिपे फरशीवर मांडले. संजू चिडला. आई, ही जमीन आपल्या नावाची आहे, इथून कोणी उठवत नाही, असं त्यानं परोपरीनं समजावलं. "गावातली बी आपल्याच नावाची होती," काकू म्हणाल्या. तो पट्टा तसाच राहिला, त्यात गवत वाढलं. काही वर्षांनी काकाही गेले.

आता काकूही नाहीत. आम्ही तोवर चंद्रपूरला राहायला गेलो होतो. त्या गेल्या त्याच्या आदल्या पावसाळ्यात संजूचा मला तिथे फोन आला. दाराजवळचा पिपा सरकवताना बूड फरशीवरच राहिलं, आई कालपासून जेवली नाही, तुम्ही या, असं म्हणाला. मी मिळेल त्या एसटीनं गेले.

काकू अंगणातच बसल्या होत्या. समोर गड्ड्यांचा आणि मुळांचा एक गच्च ठोकळा, पिप्याच्याच आकाराचा, चौकोनी. शेजारी जुन्या लुगड्यावर वाटीभर माती. बोटांनी उकरून, झटकून त्यांनी तेवढी काढली होती.

"पोरी, माती कुठी गेली व?"

"काकू, झाडानंच घेतली ती."

"अवघी?"

मी मान हलवली. ज्या बाईनं ती माती एवढी वर्षं कुणाच्या हाताला लागू दिली नाही, तिच्याच समोर ती संपली होती. काकू बराच वेळ त्या गड्ड्यांवरून हात फिरवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मंग हेच थे."

त्यांनी संजूला कुदळ आणायला सांगितली आणि भिंतीलगतच्या पट्ट्यात खणायला लावलं. संजूला आनंद झाला. इथे ऊन लागेल का, तिथे लावू का, असं तो विचारत होता. खड्डा झाल्यावर काकूंनी तो ठोकळा न फोडता, आम्हा दोघांच्या आधारानं, आडवा आत ठेवला. "आता माह्यानं उचलनं होत नाई," म्हणाल्या. "राहू दे तिले इथीच." तेव्हा कुठे संजूच्या लक्षात आलं आणि तो कुदळ टाकून बाजूला झाला.

लुगड्यावरची माती काकूंनी मुठीत घेतली. "तवा मले धरून बसवलं होतं," त्या म्हणाल्या, आणि मूठ खड्ड्यात सोडली. मग मला म्हणाल्या, "तूबी दे." मी दिली. संजूनं दिली. मला रडू आवरलं नाही. काकू रडल्या नाहीत. खड्डा त्यांनी दोन्ही हातांनी बुजवला आणि वरून थापटला.

संजूची बायको दारात पाणी घेऊन उभी होती. काकूंनी तिला तिथेच थांबवलं. अंगणातल्या नळाखाली बसून त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली, आम्हालाही करायला लावली. अंघोळीशिवाय कुणाला उंबरा ओलांडू दिला नाही. मग ओल्या केसांनी त्या स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "वाढ आता."