मामाचा लाल रंग

समुद्रातल्या यच्चयावत शिंपल्यांशी वैर मांडणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझा मामा आहे. दिघीच्या खाडीत तो होड्यांचं बूड रंगवतो. बुडाला शिंपल्या चिकटल्या की होडी जड होते आणि डिझेल पिते, म्हणून त्यांना मारणारा हा लाल रंग. मामाची त्यावर इतकी श्रद्धा की उरलेल्या रंगात त्याने घराच्या पायऱ्या, मोरीचा दगड आणि माडाचे बुंधेसुद्धा न्हाऊ घातले. मामीने पाटा-वरवंटा वेळीच लपवला, म्हणून आम्ही सगळे हयात आहोत.

पावसाआधी होड्या किनाऱ्यावर ओढल्या की जुना रंग खरवडायचा, पोपडे चिखलातच सोडायचे आणि भरतीची वाट बघायची. समुद्र झाडलोट फुकट करतो, असं मामा कौतुकाने सांगायचा. त्याच्याच कमाईवर मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, तोही प्राणिशास्त्राचा. त्यामुळे हे विष बुडापुरतं थांबत नाही, पाण्यात उतरून शिंपल्यांची पिल्लंही मारतं, हे त्याला समजावण्याचा मान मलाच मिळाला. मामाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माल चोख हाय," तो म्हणाला आणि पुढच्या होडीकडे वळला.

मामी ओहोटीला खडकांवरची कालवं, म्हणजे शिंपल्यांचीच धारदार भावंडं, काढून बाजारात विकते. शत्रूचं मांस म्हणून की काय, मामा ती ताटभर खायचा. मग होड्यांजवळचे खडक ओस पडले आणि मामी दरवर्षी आणखी लांब जाऊ लागली. मामाने दोष नागावच्या पर्यटकांना दिला, आगरदांड्याच्या फेरीबोटीला दिला, एकदा तर मामीच्या कोयतीलाही दिला. रंगाचा डबा तेवढा निर्दोष सुटला. एके दुपारी मामीने रिकामी टोपली त्याच्यापुढे ठेवली.

"तुमी खडकांना बी रंग लावलात काय?"

मामा जेवता जेवता थांबला.

यंदा त्याने होडीखाली ताडपत्री अंथरली. पोपड्यांची पोती आता अंगणात पडून आहेत. ती टाकायची कुठे, हे त्याला ठाऊक नाही आणि माझ्या पदवीलाही नाही. रंग तोच लावतो, कारण होडीवाले दुसरा मागत नाहीत. पण ओहोटी लागली की मामीच्या आधी खडकांपाशी जातो, ओणवा होऊन दगडावरून तळवा फिरवतो, नवं कालव कुठे टोचतंय का बघतो. परवा मी सोबत होतो.

"गुळगुळीतच हाय अजून," तो म्हणाला, आणि पुढच्या खडकावर हात ठेवला.