वहीत माझा रकाना नव्हता

"तू तिकडे चपलांपाशी बस. गालिच्याला माशांचा वास लागला की आई ओरडते."

समीर हे सगळ्यांसमोर बोलला. हसत. नौपाड्यातला त्यांचा हॉल, रविवारची सकाळ, कॉलेजातली सात मुलंमुली गालिच्यावर आणि मी दाराशी. मी अंघोळ करून, धुतलेला ड्रेस घालून कोलशेतहून बसने गेलेले. माझी आई मासळी विकते हे त्याला कळलं, त्या दिवसापासून त्याला वास यायला लागला. आणि मी बसले. मुकाट्याने. त्याच्या बोलण्यापेक्षा त्या बसण्याची लाज मला आजही जास्त वाटते.

बसले, कारण मला जपानी कार्टून बघायची होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. समीरचा काका बोटीवर नोकरीला होता, तो जपानहून जुन्या व्हिडिओ कॅसेट आणायचा. भाषा कुणालाच कळायची नाही. आम्ही नुसती चित्रं बघायचो आणि मग तासभर भांडायचो. चित्रांना किती, गोष्टीला किती, शेवटाला किती, दहापैकी मार्क. ते मार्क आणि प्रत्येकाचं मत वहीत उतरवायचं. माझं अक्षर चांगलं, म्हणून ते काम माझं. वहीत सात नावांचे सात रकाने होते. आठवा आख असं कुणी म्हणालं नाही, आणि मीही आखला नाही.

एकदा समुद्रकाठच्या एका मुलीची मालिका आली. चार कॅसेट. लेबलं निघून गेलेली, म्हणून क्रम समीरनेच ठरवला. चौथी संपली आणि सगळे तुटून पडले.

"गोष्टीत दमच नाही यार."

"ती पोरगी उगाच रडत बसते."

"फालतू. तीन मार्क."

मी लिहीत होते आणि डोकं तापत होतं. दुसऱ्या कॅसेटमध्ये त्या मुलीच्या जाळ्याला कोपऱ्यात नव्या दोऱ्याचं ठिगळ होतं. आणि ते जाळं खडकात अडकून फाटलं तिसऱ्या कॅसेटमध्ये. फाटायच्या आधी जाळं कोण शिवतं? माझं अर्धं बालपण जाळी शिवण्यात गेलंय. मला ते न दिसून कसं चालेल?

मी म्हटलं, "कॅसेट उलट्या लावल्यात. तिसरी आधी बघायला हवी होती."

समीर म्हणाला, "तू लिही गं. इथे मासे नाही विकायचेत."

सगळे हसले. मला या ग्रुपमध्ये आणणारी नीता, माझी मैत्रीण, तीसुद्धा हसली.

पुढच्या रविवारी गेले तर चर्चा रंगलेली. मधल्या आठवड्यात त्यांनी कॅसेटचा क्रम बदलून पाहिला होता. आता ती पोरगी उगाच रडत नव्हती. जाळं फाटलं त्याच दिवशी तिचा बाप बुडाला होता, आणि ती तेच जाळं शिवत रडत होती. नीता सांगतानाच रडवेली झाली. तीनचे नऊ मार्क झाले. समीर मला म्हणाला, "लिही. क्रमाची चूक समीरने पकडली."

पेन माझ्या हातात होतं. मी लिहिलं नाही.

"चूक मी पकडली."

"अगं, काय फरक पडतो? आपलाच ग्रुप आहे ना."

"मग माझं नाव लिहिते."

"वहीत फक्त मेंबरांची नावं असतात."

"मी मेंबर नाही?"

नीता वेफर्सच्या बशीकडे बघत राहिली. संताप झाला माझा. यांना माझी नजर हवी, माझं अक्षर हवं, फक्त मी नको. ज्यांना साधं ठिगळ दिसलं नाही, ते एका पोरीच्या दुःखाला तीन मार्क देऊन मोकळे झाले होते.

मी पट्टी ओढली आणि आठवा रकाना आखला. वर माझं पूर्ण नाव. गोष्टीला दहा. खाली लिहिलं, चूक मी पकडली. समीरने वही हिसकावून ते पान टराटरा फाडलं. "चल, निघ इथून."

"निघतेच. पण पान फाडलंस म्हणून ते खोटं होत नाही," मी म्हटलं.

महिन्याने नीता घरी आली. म्हणाली, "ये ना गं, तो आता काही बोलणार नाही. नवीन कॅसेट आल्यात." माझी आई दारातच होती, तिला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "तिचं नाव लिवशाल काय?" नीताने चपला पायात सरकवल्या. मी गेले नाही.

त्या कॅसेट बघायच्या राहिल्या, त्याची हळहळ आहे. राग मात्र गेलेला नाही आणि मला तो घालवायचाही नाही. जिथे माझं मत चालतं पण नाव चालत नाही, तिथे मी क्षणभरही थांबत नाही. आणि माझं म्हणणं कुणी स्वतःचं म्हणून सांगायला लागला, तर तो कितीही मोठा असो, भर सभेत त्याला तोडून मी सांगते, हे मी म्हटलं होतं.