भेट घ्यायला शिकवणाऱ्या नलूताई

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. शनिवारी ऑफिस सुटल्यावर शहापूरच्या सायबर कॅफेत बसले, मेल उघडला, तर सगळ्यात वर नलूताईंचं नाव! पंधरा दिवस त्यांचं काहीच आलं नव्हतं, म्हणून हरखून क्लिक केलं. आत दोनच ओळी, त्यांच्या सुनेने लिहिलेल्या. आई गेल्या... ग्रुपमध्ये सगळ्यांना कळवा.

आमचा ग्रुप परसबागेचा. सगळी इंटरनेटवर भेटलेली माणसं, एकमेकांचं तोंडही न पाहिलेली. पण कुणाच्या भेंडीवर कीड पडली की सगळ्यांना घोर लागायचा. नलूताई टोकावड्याच्या, निवृत्त शिक्षिका. साठी उलटल्यावर एसटीने मुरबाडला जाऊन कॉम्प्युटर शिकलेल्या. आम्ही एकमेकांना पोस्टाने बिया, कंद पाठवायचो. पाकीट आलं की मला दिवाळी आल्यासारखं व्हायचं.

एकदा मी ग्रुपमधल्या पुण्याच्या मेधाताईंना आमच्या खर्डीच्या रानातले कंटोलीचे कंद पाठवले. त्यांच्या गच्चीत वेल चढला, फळं धरली आणि महिन्याभरात माझ्या दारात पार्सल आलं. आत मोरपंखी रेशमी साडी! मी नाचायचीच बाकी होते. पण सासूबाईंनी पदर हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "कोन गो ही? ना बघलेली, ना वळखीची. येवडी साडी कशाला देल?" माझा आनंद तिथेच विरला. चार कंदांच्या बदल्यात रेशीम... आता मी काय पाठवू? लाज वाटायला लागली. साडी खोक्यात घातली, परत पाठवायची म्हणून वर पत्ताही लिहिला. ग्रुपवर लिहिणं बंद केलं. नलूताईंनी विचारलं, तेव्हा त्यांना एकटीला सगळं कळवलं.

चौथ्या दिवशी दारात एक बुटकी, घामाघूम बाई उभी. "मी नलू, टोकावड्याची." एसटी, मग कल्याणपर्यंत जीप, मग लोकल, असा सारा फेरा घालून आल्या होत्या! मी त्यांच्या गळ्यातच पडले. पाणी प्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "साडी पाठवलीस का?"

"नाय ताई. उद्या टाकनार हाय पोस्टात."

"मग वेळेत आले," म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्यांनी जे सांगितलं ते ग्रुपमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. साताऱ्याच्या सुमनताईंनी त्यांच्यासाठी स्वेटर विणला होता. इतके कष्ट फुकट कसे घ्यायचे, म्हणून नलूताईंनी तो परत पाठवला. "मला वाटलं, मी रीत पाळली. ती बाई त्या दिवसापासून ग्रुपवर आलीच नाय गो. तीन वर्षं झाली."

सासूबाई दाराआडून ऐकत होत्या. उठल्या आणि त्यांनीच खोकं उघडलं. "नेस," म्हणाल्या.

मी नेसले. आम्ही तिघी स्टेशनजवळच्या स्टुडिओत गेलो, फोटो काढला. आठवड्याने तो शहापुरात स्कॅन करून ग्रुपवर टाकला, तर संध्याकाळी शेजारच्या घरी मेधाताईंचा फोन! हसता हसता त्या म्हणाल्या, "मला बहीण नाही, मुलगी नाही. कुणाला तरी साडी द्यायची फार हौस होती."

हे नलूताईंना सांगून मी हट्टच धरला, आता तुम्ही सुमनताईंना लिहा. विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनावर लाल रेघा मारणाऱ्या बाईने त्या पत्राचे सात कागद फाडले. शेवटी चारच ओळी पाठवल्या: चुकले. स्वेटर ठेवला असशील तर मला हवा आहे.

महिना गेला. मग ऐन मे महिन्यात त्यांचा निरोप आला, ताबडतोब मुरबाडला ये. मी धावतपळत तिथल्या सायबर कॅफेत पोचले. वीज गेलेली, पंखा बंद, माणसं वर्तमानपत्राने वारा घेत बसलेली आणि मधोमध नलूताई, गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाड, विटकरी लोकरीचा स्वेटर घालून! कपाळावरून घाम निथळत होता, डोळे लहान मुलीसारखे चमकत होते.

"अहो ताई, काढा की! चक्कर येईल."

"नाय गो," त्या बंद स्क्रीनसमोर खुर्ची सरकवत म्हणाल्या. "लाईट येऊ दे. अंगात घालूनच तिला लिहिनार."