वॉश वाळलाच नाही

आधीच सांगते, असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. आम्ही बौद्ध. माहेरी काय, सासरी काय, नवस-अंगारे, बाहेरची बाधा हे शब्दसुद्धा घरात नसायचे. जर्मनीत ड्रेस्डेनला कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनियर आहे मी. जे मोजता येत नाही त्याचा रिपोर्ट लिहीत नाही. तरी हे लिहितेय...

गेल्या जूनमध्ये सासरे, मी त्यांना बाबाच म्हणते, नागपूरहून तीन महिन्यांसाठी आले होते. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता रिटायर. मलाही जलरंगांचा नाद. नवरा कामासाठी बाहेरगावी असला की आम्ही दोघं स्पॉटवर लँडस्केप करायला निघायचो. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी असेच एका टेकाडावर गेलो — ड्रेस्डेनहून गाडीने दोन तास, जागेचं नाव मुद्दाम देत नाही. गव्हाच्या शेतात, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी गोलात उभे केलेले नऊ दगड. पोहोचलो तेव्हा सूर्योदयाला जमलेली गावातली मंडळी निघायच्या तयारीत होती. डोक्यावर रानफुलांच्या माळा, थर्मासमधली कॉफी. एका आजींनी बाबांना केकचा तुकडा दिला. सातपर्यंत सगळे पांगले.

मी दगडांच्या आत स्टूल मांडलं. बाबा बाहेर चाळीसेक पावलांवर, झाडाखाली बसले. मी आकाशाचा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, दिला आणि वाळायची वाट बघत बसले. जूनचं ऊन... पाच मिनिटं पुरतात.

वॉश वाळेना. दगडाची सावली माझ्या डाव्या बुटावर होती, ती हलेना. मोबाईलवर ७:४०. पुन्हा पुन्हा बघितलं, ७:४०च.

उठले, बाबांकडे निघाले. दोन दगडांमधून पाऊल बाहेर टाकलं आणि — कसं सांगू — ते पडलं आतच. दुसऱ्या फटीतून गेले. तेच. नऊच्या नऊ फटी झाल्या. अडवणारं काहीच नव्हतं.

बाबांना हाक मारली. त्यांनी मान वर करून माझ्या दिशेने पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. धावतच आले, थेट माझ्यापासून हातभर. ओठ हलताना दिसत होते, माझंच नाव घेत होते, पण आवाज नाही. त्यांचा दंड धरायला गेले. हात पोचलाच नाही.

त्यांनी गव्हात शोधलं, रस्त्यापर्यंत गेले. त्यांना जर्मन येत नाही, इथलं सिमकार्ड नव्हतं. त्यांच्या हार्टच्या गोळ्या गाडीत आणि गाडीची चावी माझ्या खिशात. एका सायकलवाल्याला त्यांनी हातवारे करून काही सांगितलं, तो मान हलवून निघून गेला. मी आतून बघत होते. त्यांची सावली आखूड होत चालली होती, माझी तशीच लांब.

शेवटी ते परत आले, माझ्या स्टूलवर बसले. मग हळूहळू गुडघ्यांवर आले. ज्या माणसाने जन्मभर कुठल्या दगडाला हात जोडले नाहीत, त्यांनी त्या दगडांपुढे हात जोडले. रडत होते. मी तोंड फिरवलं. मला ते बघवेना.

"सुजाता..."

आवाज ऐकू आला. वळले तर ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि स्वतः आत आले होते त्याच फटीतून मला बाहेर घेऊन आले. पाऊल बाहेर पडलं. त्यांच्या घड्याळात सव्वाबारा वाजले होते. कागद गाडीत ठेवताना रंगाचा ओघळ माझ्या हातावर आला. अजून ओला होता.

बाबांनी गोळी घेतली. नवऱ्याला त्यांनीच सांगितलं, ऊन लागलं म्हणून उशीर झाला. मी खूप वाचलं, डॉक्टरकडेही जाऊन आले. ते साडेचार तास काय होते, मला आजही माहीत नाही.

बाबा नागपूरला परतल्यावर एका रविवारी फोनवर त्यांनी हळूच विचारलं, "मला तू दिसत नव्हतीस. पण मी तुला दिसत होतो का गं?"

"नाही बाबा," मी म्हणाले.

"बरं झालं," ते म्हणाले.