केसांच्या मशीनले हळद-कुंकू

आईनं मशीनची पूजा केली तेव्हा मी कॉलेजात होती. घरी असती तर डबा मीच फोडला असता अन् पुढचं काहीच झालं नसतं.

थांबा, पहिल्यापासून सांगते. माझी आई जवसाची चटणी करते. अमरावतीकडची आहे ती. लग्न होऊन रायपूरले आली तेव्हा सोबत ही चटणी पण आली. भातावर घ्या, पोळीसोबत तेल टाकून घ्या, मी तर नुसती चमच्यानं खाते. आमच्या पाऱ्यात, म्हणजे गल्लीत, असं एक घर नसेल जिथं आईची चटणी गेली नाही. पण सगळी फुकट. विकायची म्हटलं की तिचं सुरू, "लोक काय म्हणतील, चटणी विकून राहिली!"

यंदा आमच्या मराठी मंडळानं बायकांचा खाऊमेळा ठेवला. रविवारी, हॉलमध्ये, एकेकीले एक टेबल. मी अन् बाबा महिनाभर मागे लागलो तेव्हा कुठं आईनं नाव दिलं. तेही एका अटीवर. "पाकिटं दुकानातल्यासारखी पाहिजे. रबर लावलेल्या प्लास्टिकच्या पन्न्या घेऊन मी काही तिथं बसणार नाही."

म्हणून मी मोबाईलवर पाकिटं सील करायची मशीन शोधली. सगळ्यात स्वस्त जी दिसली ती घेऊन टाकली. लांब चिमट्यासारखी असते, मधात पाकिटाचं तोंड धरायचं अन् दाबायचं. फोटोत भारी दिसून राहिली होती. कोण विकतो, लोकांनी काय लिहिलं, काही वाचलं नाही मी. मले कुठं एवढा धीर!

बुधवारी चार वाजता घरी आली तर आई दारातच उभी.

"ये ये, लवकर ये! मशीन आली! दोन पाकिटं केली पण मी!"

देवघरासमोर पाट. पाटावर मशीन. मशीनवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक, अक्षता, वरून जास्वंदाचं फूल. आमच्या घरी पूजेशिवाय नवीन वस्तू वापरतच नाहीत. फ्रिजची केली, बाबांच्या स्कूटरची केली, माझ्या लॅपटॉपची केली. त्याच्या एका बटनाखाली अजून तांदळाचा दाणा अडकून आहे, ते बटन दाबलं की कुरकुरतं.

मी मशीन पाहिली. गुलाबी. चिमट्यासारखी तर होती. मी हसायलेच लागली.

"आई! ही केस सरळ करायची मशीन आहे!"

"काय?"

"केसांची वं माय! पार्लरमध्ये असते ना, ती!"

"मग पाकीट कसं काय चिकटलं?"

"गरम होते ना ती, म्हणून!"

चिकटलं म्हणजे काय, एका पाकिटाची कड तळलेल्या पापडासारखी आकसली होती अन् दुसऱ्याच्या भोकातून चटणी गळून राहिली होती.

"तरीच," आई म्हणे, "डब्यावर मोकळ्या केसांची बाई होती. मले वाटलं, मसाल्याचा धंदा करणारी असेल."

मी तर खालीच बसली हसून हसून. मग वर पाहिलं तर आई हसून नव्हती राहिली. तिनं मशीनवरचं फूल उचललं, देवाजवळ ठेवलं.

"शुक्रवारी मंडळाची यादी पक्की होते, त्याआधी फोन करून सांगून देते," म्हणाली. "माझं टेबल दुसऱ्या कोणाले द्या म्हणते. वस्तू कोणती आहे तेच कळलं नाही मले. पूजा करून बसली! अशी बाई काय धंदा करणार?"

माझं हसू तिथंच बंद. काहून हसली मी एवढी? ती दारात उभी राहून माझी वाट पाहून राहिली होती, दोन पाकिटं दाखवायची म्हणून.

मी लगेच मोबाईल काढला. वस्तू परत करायची, कारण: चुकीचं सामान आलं. फोटो टाकले. उत्तर पण लगेच आलं. उद्या माणूस येऊन घेऊन जाईल, बरोबरची मशीन आठ दिवसांनी येईल. आठ दिवसांनी! रविवार चार दिवसांवर. पण निदान ती गुलाबी गोष्ट आईच्या डोळ्यासमोरून तरी जाईल.

गुरुवारी दुपारी माणूस आला. बाबांच्याच वयाचा, पाठीवर ही एवढी मोठी बॅग. त्यानं मशीन हातात घेतली, मोबाईल पाहिला, परत मशीन पाहिली.

"ये तो फोटो से मैच नहीं हो रहा, दीदी."

"नहीं होगा ना भैया!" मी म्हटलं. "इसीलिए तो वापस कर रहे हैं!"

"लेकिन ऐप पूछ रहा है, सामान फोटो जैसा है क्या. हाँ बोलूँ तो झूठ. ना बोलूँ तो पिकअप कैंसिल."

"फोटो जैसा होता तो हम रख ही लेते!"

"बात तो सही है." त्यानं हेल्मेट काढलं अन् पायरीवर बसला. "पर ऐप नहीं समझता ना." मग त्याले स्वस्तिक दिसलं. "अरे, इसकी तो पूजा भी हो गई है!"

आई तोवर पडद्यामागे होती. इतकी वर्षं रायपुरात राहून पण हिंदीत वाद घालायची वेळ आली की ती मले नाही तर बाबाले पुढं करते. पण आता पूजेवर आलं होतं. ती बाहेर आली.

"भैया, हमारे यहाँ नया सामान आया तो हळद-कुंकू लगाते हैं. हमको क्या मालूम गलत आया करके? मशीन को पूछते क्या, तू कौन है करके?"

भैया जोरात हसला. "हव दीदी, सही है. मैं भी गाड़ी को टीका लगाए बिना नहीं निकलता."

मग त्यानं त्याच्या साहेबाले फोन लावला. "सर, कस्टमर सही बोल रही है, सामान ही दूसरा है... नहीं सर, बाल वाला... हाँ सर, कुंकू समेत." शेवटी साहेबानं सांगितलं, फोटो काढा अन् 'गलत सामान' लिहून घेऊन या. भैया फोटो काढायले वाकला अन् थांबला.

"ये प्लास्टिक काहे का चिपका है?"

आईचा चेहरा उतरला. "उससे हमने पाकीट बंद किया," एकदम बारीक आवाजात. "अलसी की चटनी का."

मले वाटलं, आता हा पण हसते. नाही हसला.

"पैकेट के लिए मशीन काहे मँगाए दीदी? मेरी घरवाली बीरगांव में बिजौरी बेचती है. मोमबत्ती से बंद करती है सब."

बिजौरी म्हणजे इकडचं वाळवण, उडदाच्या डाळीचं अन् तिळाचं. तळून भातासोबत खातात.

"मोमबत्ती से? जळत नाही?" आई मराठीतच बोलून गेली.

"आरी की पत्ती है घर में? लोहा काटने वाली?"

मी पळाली. बाबांच्या अवजारांच्या पेटीतून करवतीचं पातं आणलं, लाईट गेली की लागते ती मेणबत्ती आणली, चटणी भरलेली पाकिटं आणली. भैयानं पाकिटाचं तोंड पात्यावरून दुमडलं, दोऱ्याएवढी कड बाहेर ठेवली अन् ती कड ज्योतीवरून एका झटक्यात सरकवली. झालं! ओढून पाहिलं, उघडेना.

"बस, रुकना नहीं है. रुके तो छेद. अब आप करो."

आईचं पहिलं जळलं. दुसऱ्याले भोक पडलं. तिसरं एकदम सरळ, पट्टीनं रेघ मारल्यासारखं. तिनं ते उलटं धरून हलवलं, मग अजून जोरात हलवलं. एक कण खाली पडला नाही. दुकानातलं वाटून राहिलं होतं, खरंच!

भैयाले उशीर झाला होता. त्यानं मशीन बॅगेत टाकली, माझ्या मोबाईलवर परतीचा मेसेज आला का ते पाहिलं. आईनं ते तिसरं पाकीट त्याच्या हातात दिलं. तो खिशात हात घालायले लागला तर आई म्हणे, "अभी नहीं. पहले घर में खाके देखो. दूसरी बार लोगे तब पैसे लगेंगे."

पैसे लगेंगे! हे माझी आई म्हणून राहिली होती!

शुक्रवारी दुपारी आम्ही फॅन बंद करून बसलो, ज्योत हलायले नको म्हणून. तिघंही घामानं चिंब. बाबा चटणी तोलून भरून राहिले होते, मी लेबलं चिकटवून राहिली होती, आई मेणबत्तीसमोर. तेवढ्यात मंडळातल्या काकूंचा फोन. आईचे हात भरलेले, म्हणून मीच स्पीकरवर टाकला. मले तिचं बुधवारचं बोलणं आठवलं, आता आई काय सांगते?

"ताई, यादी पक्की करून राहिली मी. तुमचं नाव ठेवू ना?"

"ठेवा ना," आई म्हणाली. "अन् टेबल दाराजवळचं द्या मले. कोपऱ्यातलं नको."