मांडवातला ध्रुव

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या फाल्गुनात एका भर दुपारी हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकडा गावी एका मांडवात ध्रुव तारा काही काळ जमिनीखाली गेला होता. आता तो जागेवर आहे. कोणी घाबरून जाऊ नये.

लग्न माझ्या भाचीचं होतं. सप्तपदी झाली की आमच्याकडे गुरुजी नवरा-नवरीला उत्तरेकडे तोंड करायला लावतात आणि विचारतात, ध्रुव दिसला का? लग्न दुपारचं, डोक्यावर मांडवाचं कापड आणि कापडावर रणरणतं ऊन. तरी नवरी मान खाली घालून 'दिसला' म्हणते आणि सगळे पंगतीकडे पळतात. यात कुणालाच कधी काही वावगं वाटलं नाही.

पण भाची विज्ञान शिकलेली. तिनं हळदीच्या दिवशीच जाहीर केलं की बाकी सगळं सांगाल तसं करीन, पण न दिसलेल्या ताऱ्याला दिसला म्हणणार नाही. सासरच्या माणसांसमोर पहिलाच शब्द खोटा नको.

दाजींचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, अवसानच गेलं. नवऱ्याची आई पुसेगावची, मोठी करारी बाई. लग्नाच्या सकाळी वऱ्हाड उतरलं तेव्हा बँडवाले जेवत बसले होते, एवढ्यावरून बाईंनी तेव्हापासून चहाला हात लावला नव्हता. त्यात पोरगी मांडवात 'नाही' म्हणाली, तर तिला ते जन्मभर ऐकावं लागलं असतं.

"तुमच्याच लाडानं बिघडली," दाजी मला म्हणाले. "आता मामा म्हणून तुमीच निस्तरा."

मी भूगोलाचा मास्तर. माझ्या टॅबवर आकाश दाखवणारं ॲप आहे. टॅब ज्या दिशेला धराल तिकडचे तारे पडद्यावर येतात, मग दिवस असो की रात्र. सूर्याचा उजेड ते खुशाल पुसून टाकतं. मी दाजींना अभय दिलं आणि नव्या जाकिटात टॅब घेऊन मांडवात असा वावरलो, जणू लग्न माझंच होतं.

सप्तपदी झाली. गुरुजींनी विचारायच्या आत मी पुढे सरसावलो. उजेडात पडदा दिसेना, म्हणून मघाचा अंतरपाट उचलून दोघा पोरांना नवरा-नवरीच्या डोक्यावर धरायला लावला. ज्या कापडानं दोघांना वेगळं ठेवलं होतं, त्याच्याच खाली दोघं एकमेकांना खेटून उभे राहिले. नवरदेवाची त्याला काही हरकत दिसली नाही. मी टॅब उत्तरेला धरला. ध्रुव नाही. वर केला. नाही. पडद्यावरचा बाण खाली, खाली म्हणत राहिला आणि शेवटी नवरदेवाच्या पायाशी ध्रुव सापडला.

"जमिनीत गेला की वो," कुणीतरी मागून म्हणालं. बायकांत कुजबुज सुरू झाली, की हे काही बरं लक्षण न्हाई. दाजींनी खांब धरला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आदल्या दिवशी पाहुण्यांच्या पोरांना मी ऑस्ट्रेलियाचं आकाश दाखवलं होतं आणि टॅब अजून तिथंच मुक्कामाला होता. तिकडून ध्रुव दिसतच नाही, तो क्षितिजाखाली असतो. मी घाईघाईनं ठिकाण बदलून हिंगोली केलं. ध्रुव सुळकन वर आला आणि आचाऱ्याच्या चुलीमागच्या लिंबाच्या शेंड्याशी जाऊन थांबला.

गुरुजींनी सुटकेचा निःश्वास टाकून विचारलं, "दिसला?"

मी मनातल्या मनात भाचीच्या पाया पडत होतो. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग लिंबाकडे पाहिलं.

"तारा नाही दिसला," ती म्हणाली. "पण कुठं आहे ते दिसलं."

पंगतीची पानं मांडणाऱ्या वाढप्यांचे हात थांबले. विहीणबाई उठल्या. पदर खोचून तडक आमच्यापर्यंत आल्या. दाजी हात जोडायच्या तयारीत होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अंतरपाट वर केला, वाकून आपलं डोकं दोघांच्या मधे घातलं आणि सुनेला म्हणाल्या,

"सरक गं जरा, पोरी. मी माझ्या लग्नात काहीच न बघता 'दिसला' म्हणले होते. मला बी दाखव, कुठं असतो तो."